पंच्याहत्तर दिवे

“अडुसष्ट लिही,” सासूबाई म्हणाल्या आणि चष्मा काढून पदराने पुसत बसल्या.

मी लॅपटॉपवरून मान वर केली. मे महिना, दुपारचे तीन, सांगलीचं ऊन. खिडकीला ओला पडदा लावला होता आणि माझी दहा महिन्यांची मुक्ता चादरीवर पालथी पडून लाकडी डाव चोखत होती. एक डोळा तिच्यावर ठेवून मी सासूबाईंसाठी अर्ज भरत होते. श्रावणात कोल्हापूरला मंगळागौरीच्या खेळांची मोठी स्पर्धा होती आणि त्यांच्या रुणझुण मंडळाला त्यात उतरायचं होतं.

“वय नाही विचारलेलं, आई. जन्मतारीख विचारलीय. आणि सोबत आधार कार्ड जोडायचंय.”

चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी पडद्यावरचा नियम स्वतः वाचला. सत्तरीपुढच्या स्पर्धकांना मंचावर खेळता येणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

आधार कार्डावर तारीख होती एक जून एकोणीसशे चव्वेचाळीस. म्हणजे आणखी तीन आठवड्यांनी त्यांना पंच्याहत्तर पूर्ण होणार होती. त्यांनी मला समजावून सांगितलं की तो कागदच खोटा आहे. तासगावाजवळच्या त्यांच्या गावात थोरल्या बहिणीला एकटीला शाळेत धाडायला वडील तयार नव्हते, म्हणून दोघींना एकाच वर्गात बसवलं आणि मास्तरांनी दोघींची तारीखही एकच टाकून दिली. कागदावर त्या दोघी जुळ्या. प्रत्यक्षात सासूबाई तीन वर्षांनी लहान. म्हणजे बहात्तरच्या. आणि मंडळात त्या गेली चार-पाच वर्षं अडुसष्टवरच थांबलेल्या होत्या.

“तू शिकलेली आहेस. काढ काहीतरी मार्ग,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. “हे सुटलं तर माझ्यापाशी दुसरं काय आहे, केतकी?”

ते खरं होतं. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली होती. ते गेल्यावर मंडळाच्या प्रमुख नलूवहिनी करमरकर यांनी त्यांना सुचवलं होतं की शरू, तू आता टाळ्या वाजवायला येत जा. सासूबाई आठ दिवस भिंतीला टेकून टाळ्या वाजवत बसल्या. नवव्या दिवशी उठल्या, एका चाळिशीच्या बाईला हात धरून मधे ओढलं आणि तिला घाम फुटेपर्यंत बसफुगडी घातली. त्यानंतर त्यांना टाळ्या वाजवायला कुणी सांगितलं नाही. हा किस्सा त्या येईल त्याला सांगत. मलाही साखरपुड्यातच सांगितला होता.

“करते काहीतरी,” मी म्हणाले आणि लॅपटॉप मिटला.

मनात हिशेब तेव्हाच सुरू झाला होता. कारण डिसेंबर मी विसरले नव्हते.

डिसेंबरात मुक्ता चार महिन्यांची होती. सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, असं तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मी बी.फार्म. झालेली, त्यामुळे त्यामागचं कारणही मला ठाऊक होतं. सासूबाईंना ते पटत नव्हतं. गुटीशिवाय मूल वाढतं का, म्हणायच्या. सहाणेवर वेखंडाचा एक वळसा, जायफळाचा अर्धा, मुरडशेंगेचे दोन, एवढ्यानेच त्यांची दोन मुलं वाढली होती. मी दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा माझ्या नवऱ्यासमोर, मंदारसमोर, नाही म्हणाले आणि त्यांनी सहाण कट्ट्याखाली ढकलून दिली.

त्या दिवशी मी फक्त बँकेत गेले होते. तासाभराने आले तर मुक्ता झोपलेली. दुधाची वेळ टळून गेली तरी उठेना. उचलली तर मान टाकली. ओरडले, गालावर पाणी मारलं, तळपायाला टिचक्या मारल्या. तिने डोळे अर्धे उघडले, भडाभडा ओकली आणि पुन्हा मिटले. दवाखान्यात पोचेपर्यंत मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसले होते.

डॉक्टरांनी आम्हा तिघांना विचारलं, बाळाला काही दिलंय का. जायफळ, गुटी, झोपेचं काही. सासूबाईंनी सलाईन लावलेल्या माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, मी काही दिलेलं नाही. हिच्या आईनेच काल बाहेरचं चमचमीत खाल्लं होतं.”

तीन दिवस आम्ही दवाखान्यात होतो. चौथ्या दिवशी घरी आल्याबरोबर मी स्वयंपाकघरात गेले. सहाण कट्ट्याखाली नव्हती. धुऊन, उभी करून, सिंकच्या मागे वाळत ठेवलेली होती. गुटीच्या डब्यातलं जायफळ एका बाजूने नुकतंच घासलेलं, पांढरं, गुळगुळीत.

मंदारला दाखवलं. त्याने ते जायफळ उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, “आईने शपथ घेतलीय, केतकी. मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवून. तू एका जायफळावरून तिला खोटं पाडणार?”

मी पुन्हा तो विषय काढला नाही. पण त्यानंतर मुक्ता झोपली की मी दर पंधरा मिनिटांनी जाऊन तिच्या नाकाखाली बोट धरायची. आणि जे जे मला भेटायला आले त्यांनी मला खाण्याचं पथ्य सांगितलं.

तर मे महिन्यात तो अर्ज समोर आला तेव्हा मला फार विचार करावा लागला नाही. आधार कार्डावरची तारीख टाकून अर्ज पाठवला असता तर कोल्हापूरहून गुपचूप नकार आला असता. त्या चार शिव्या हासडून मोकळ्या झाल्या असत्या. मला गुपचूप काही नको होतं.

मी मंदारला म्हणाले, “आईंची पंच्याहत्तरी येतेय एक जूनला. आपण शांत करू. मंडळातल्या सगळ्यांना बोलावू. त्यांना आधी काही सांगायचं नाही.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. डिसेंबरपासून आमच्यात जे साचलं होतं ते त्याला एकदम उतरल्यासारखं वाटलं असावं. म्हणाला, त्याला वाटलंच होतं की मी मनाने मोठी आहे. वय नक्की किती याबद्दल आई काहीतरी बोलते खरी, पण कागदावर आहे तेच धरू, असंही तोच म्हणाला. मी नुसती मान हलवली.

नलूवहिनींकडे मी स्वतः गेले, मुक्ताला कडेवर घेऊन. पंच्याहत्तरी म्हटल्यावर त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. “कुणाची? शरूची?” त्यांनी तीनदा विचारलं. त्या स्वतः सहासष्टच्या. शरू आपल्याहून दोनच वर्षांनी मोठी म्हणून त्या सासूबाईंशी ‘तू’नेच बोलत, भांडत, फुगडीत पडल्या तर पाठीत धपाटाही घालत. मी म्हणाले, हो ना, वाटत नाहीत नाही? आणि आधार कार्डाचा फोटो मोबाइलवर दाखवला, भटजींसाठी काढून ठेवलाय म्हणून.

एक जूनला पहाटेपासून मी कणकेचे दिवे केले. पंच्याहत्तर. हळद घातलेली घट्ट कणीक, अंगठ्याने खळगा, कडेला चिमटा. बहात्तर झाल्यावर मी थांबले. मला ठाऊक होतं की खरे एवढेच. मग उरलेले तीन मी जरा मोठे केले.

सासूबाईंना सांगितलं होतं की सोसायटीच्या हॉलमध्ये वरच्या मजल्यावरच्या कुणाचं तरी डोहाळजेवण आहे. त्या जांभळी इरकल नेसून, केसात मोगरा माळून आल्या. दारातच थबकल्या. समोर झेंडूच्या माळांमध्ये फलक होता, ‘सौ.’ नसलेला, ‘ती. शरयू आठल्ये, अमृतमहोत्सव’. खाली मोठ्या आकड्यात ७५. मंडळातल्या अडतीस जणी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

त्यांनी आधी फलक वाचला, मग नलूवहिनींकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी त्यांना दंडाला धरून हळूहळू खुर्चीपर्यंत नेलं. “सावकाश, आई. पायरी आहे.” पायरी चार बोटांची होती.

भटजींनी संकल्प सांगितला. मंदारने आईचे पाय धुतले. मी ताट घेऊन ओवाळायला उभी राहिले. पंच्याहत्तर ज्योतींची धग त्यांच्या तोंडावर येत होती आणि कपाळावर घाम जमत होता. तारीख खोटी आहे म्हणाल्या असत्या तरी अडुसष्ट कुठून आणणार होत्या?

मग नमस्कार सुरू झाले.

हे मला आधी सुचलं नव्हतं, पण बघताना कळलं की यासाठीच मी सगळं केलं होतं. एकेक बाई पुढे येत होती आणि वाकत होती. ज्यांच्याबरोबर त्या आठवड्यातून तीनदा दंडफुगडी घालायच्या, कमरेत हात घालून पिंगा घालायच्या, त्या सगळ्या त्यांच्या पायाला हात लावत होत्या. कुणी म्हणालं, शरूताई, कुठल्या चक्कीचं पीठ खाता हो तुम्ही. कुणी म्हणालं, इतक्या वयात एवढं चालता-बोलता म्हणजे पुण्याईच. जी चाळिशीची बाई त्यांनी मधे ओढली होती ती वाकताना म्हणाली, “अगंबाई, मी तुमच्याशी काय काय मस्करी करायची. लाजच वाटते आता.” सासूबाई प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवत होत्या. दुसरं काही करायला हातांना जागाच नव्हती.

शेवटी नलूवहिनी आल्या. त्याही वाकल्या. मग माइक घेऊन म्हणाल्या, “शरूताईंनी आमच्यासाठी खूप केलं. आता यापुढे त्या आमच्या मार्गदर्शक. कोल्हापूरला त्या आमच्या बरोबर येतील आणि पहिल्या रांगेत बसतील. तुम्ही फक्त बसायचं, ताई. टाळ्या वाजवायच्या.”

मंडळाने त्यांना वेताची आरामखुर्ची भेट दिली. हॉलमधून निघताना चार जणींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की अशी सून नशिबाने मिळते.

संध्याकाळी घरी आल्यावर मी ओट्याशी उभी राहून ताटातल्या दिव्यांच्या वाती काढत होते. त्या आत आल्या. मोगरा अजून केसात होता. त्यांनी दार लोटून घेतलं.

“गुटीचा सूड उगवलास ना?”

मी वाती काढत राहिले.

“दिली होती मी,” त्या म्हणाल्या. “तू बँकेत गेल्यावर दिली. आणि सकाळी तू अंघोळीला गेलीस तेव्हाही दिली होती. सकाळी दिलेली माझ्या लक्षातच नव्हती. सहाण धुवायला घेतली तेव्हा सकाळची वाटी दिसली, कडेला गुटी वाळलेली. तेव्हा कळलं.”

माझे हात थांबले. “आणि तरी तिच्या डोक्यावर हात ठेवलात.”

“विसरले म्हणाले असते तर काय झालं असतं? त्याच क्षणी म्हातारी ठरले असते मी. आज तू केलंस ते त्याच दिवशी डॉक्टरने केलं असतं.”

“ती गेली असती, आई.”

“हो,” त्या म्हणाल्या. “नलूला फोन कर. सांग की कागद चुकलाय. माझं ती आता ऐकायची नाही, तुझं ऐकेल. बहात्तर सांग. कोल्हापूर राहू दे, पण मला खेळू दे म्हणावं.”

मी हात पुसले. म्हणाले, “आधी मंदारला सांगा. आत्ता मला सांगितलंत तसं. शपथेसकट. मग करते फोन.”

मला वाटलं नव्हतं त्या जातील. पण त्यांनी पदर खोचला, दार उघडलं आणि सरळ बाहेर गेल्या. मी मागोमाग. मंदार जमिनीवर बसून मुक्ताला मांडीवर घेऊन शाली मोजत होता. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. दोनदा दिली, विसरले, खोटी शपथ घेतली, केतकीचं खरं होतं. एक अक्षर लपवलं नाही. मी सहा महिने ज्याची वाट पाहिली होती ते माझ्या कानांनी ऐकलं.

मंदार आधी हसला. मग हसू ओसरलं. तो उठला, मुक्ताला माझ्याकडे दिलं आणि त्यांना खांद्याला धरून नव्या आरामखुर्चीत बसवलं.

“दमलीस तू आज, आई.”

“अरे, मी खरं सांगतेय.”

“हो, हो. पाणी घे.”

“मंदार, मी दोनदा दिली.”

“बरं. दिलीस. झालं गेलं.” तो त्यांच्याशी मुक्ताशी बोलावं तसं बोलत होता. मग माझ्याकडे वळला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “तू काही बोललीस का तिला? अजून ते डिसेंबरचं धरून बसलीयस? म्हातारं माणूस आहे, केतकी. तू मनात भरवलंस की तिला तेच खरं वाटणार.”

“मी भरवलं?”

“पंच्याहत्तरीला आईकडून हे वदवून घेतलंस. वा.” मग म्हणाला, “नाहीतर मग तिला भास होतायत. डॉक्टरांना दाखवायला हवं. आणि आजपासून मुक्ताला तिच्याजवळ एकटी ठेवू नकोस.”

सहा महिन्यांपूर्वी मला त्याच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. सासूबाई तीन हातांवर बसल्या होत्या, त्यांचे कान तीक्ष्ण होते. त्या मंदारकडे पाहत नव्हत्या. माझ्याकडे पाहत होत्या. मीच त्यांना इतकं म्हातारं करून ठेवलं होतं की त्यांच्या शब्दाला आता वजन उरलं नव्हतं, माझ्या कामाच्या एकुलत्या एक शब्दालाही नाही. हे आम्हा दोघींना एकाच वेळी कळलं.

नलूवहिनींना मी फोन केला नाही. सासूबाईंनी त्यांच्या बाजूचं चुकतं केलं होतं. पण माझ्या हातात काही पडलं नव्हतं. मी स्वतःला एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकला. त्यांचा कप नेहमीप्रमाणे ओट्यावर ठेवला. त्या आल्या नाहीत. बाहेरून हाक आली.

“केतकी, चहा इथे आणून दे गं. वय झालं ना माझं.”

त्या आरामखुर्चीत बसल्या होत्या, पायांवर कालची शाल पांघरून. जूनच्या उकाड्यात.

त्या दिवसापासून त्या उठल्याच नाहीत. म्हणजे माझ्यासमोर उठल्या नाहीत. अंघोळीला धरून न्यायचं, पाठ चोळायची, वेणी घालायची, जेवणाचं ताट हातात द्यायचं आणि हातातून घ्यायचं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की काही झालेलं नाही, स्मरणशक्ती वयाच्या मानाने उत्तम आहे आणि गुडघे पन्नाशीच्या बाईचे आहेत. त्यांनी ते ऐकलं आणि माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून रिक्षात चढल्या. पुढच्या वर्षी एका दवाखान्याच्या औषध विभागात मला नोकरी चालून आली. मंदार म्हणाला, आईसाठी बाई ठेवू. त्या म्हणाल्या, “मला केतकीशिवाय कुणाचं चालायचं नाही रे. माझे किती दिवस राहिलेत आता.” नोकरी गेली. येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर त्या डोळ्यांना पदर लावून सांगतात, सून फार करते हो माझं. लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात.

एकदा मी मंदारला स्पष्ट सांगितलं की त्यांना सगळं येतं, त्या मला राबवण्यासाठी करतायत. त्याने वर्तमानपत्र खाली घेतलं. “म्हातारं माणूस कशाला नाटक करेल?” म्हणाला. “कंटाळलीस तर तसं सांग.”

याला आता सहा वर्षं होतील. गेल्या महिन्यात शाळेतली पालकसभा लवकर संपली आणि मी अर्धा तास आधीच घरी आले. किल्ली लावून आत शिरले तर हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर स्टूल ठेवलेलं आणि स्टुलावर सासूबाई. पदर खोचलेला, चवड्यांवर उभ्या, कपाटाच्या माथ्यावर अडकलेलं मुक्ताचं बॅडमिंटनचं फूल काढत होत्या. मुक्ता खाली उभी राहून त्यांना डावीकडे, आजी, आणखी डावीकडे असं सांगत होती. मी तोंडावर हात धरला. ओरडले असते तर त्या दचकून पडल्या असत्या.

त्यांनी फूल काढलं, मागे वळल्या आणि मला पाहिलं. घाई केली नाही. स्टुलावरून टेबलावर, टेबलावरून खुर्चीवर, खुर्चीवरून जमिनीवर, कशालाही न धरता उतरल्या. फूल मुक्ताच्या हातात दिलं. मग आरामखुर्चीत बसल्या आणि शाल पायांवर ओढून घेतली.

“केतकी,” त्या म्हणाल्या, “पाय दे गं जरा चेपून. फार दुखतात.”

मुक्ता माझ्याकडे बघत होती. तिला काही विचारायचं होतं, पण विचारू की नको हे तिला कळत नव्हतं. मी पर्स खाली ठेवली, जमिनीवर बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. पोटरी दगडासारखी घट्ट होती.

“जोर लाव,” सासूबाई म्हणाल्या.